बुलढाण्याचा कुत्रा आणि क जीवनसत्त्व

बुलढाणा जिल्ह्यात कुत्र्यासाठी वेगळे अन्न आणण्याची रीत नवी आहे. त्या अन्नासोबत औषधाच्या दुकानातून क जीवनसत्त्वाची गोळी आणण्याची रीत त्याहूनही नवी. त्याआधी कित्येक पिढ्या इथला कुत्रा ज्वारीच्या भाकरीवर जगला, मेंढरे राखली, वावराची जागल केली आणि शिकारीमागे धावला. भाकरीत क जीवनसत्त्व जवळजवळ नसते. तरीही या जीवनसत्त्वाच्या अभावाने होणारा स्कर्व्ही हा रोग कुत्र्यांत कधी पसरला नाही. त्याचे कारण कुत्र्याच्या यकृतात आहे. ते शास्त्राच्या हाती विसाव्या शतकाच्या मध्याला लागले आणि त्या शोधात भारतीय संशोधकांचा वाटा मोठा होता. कुत्र्यासाठी क जीवनसत्त्वाचे पूरक निवडावे का आणि निवडायचे तर कोणते, याचे उत्तर या इतिहासातून मिळते.

ज्वारीच्या मुलखातला कुत्रा

वऱ्हाडाच्या पश्चिम टोकाला असलेल्या या जिल्ह्याचे तीन भाग पडतात. उत्तरेला सातपुड्याच्या पायथ्याचे जळगाव जामोद आणि संग्रामपूर हे तालुके आहेत. मध्ये पूर्णा खोऱ्याचा पायनघाट, म्हणजे मलकापूर, नांदुरा, शेगाव, खामगाव हा काळ्या जमिनीचा कपाशीचा पट्टा आहे. दक्षिणेला अजिंठ्याच्या रांगांवरचे पठार, म्हणजे बालाघाट, बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेड राजा आणि देऊळगाव राजा या तालुक्यांत पसरले आहे. १८५३ च्या तहाने निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली आले. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे (१८६१-६५) कापसाचे भाव चढले आणि खामगावची बाजारपेठ वाढली. कपाशी कितीही पिकली तरी जेवणाचे धान्य मात्र ज्वारीच राहिले. सोयाबीनचे पीक पसरेपर्यंत आणि रेशनचा गहू घरोघर पोचेपर्यंत माणसाच्या ताटात आणि कुत्र्याच्या पुढ्यात भाकरच असे.

कुत्र्याची कामे जमिनीप्रमाणे बदलत. पठारावर धनगरांचे कळप फिरत. खतासाठी शेतात मेंढ्या बसवल्या की रात्री लांडग्यापासून त्यांची राखण कुत्रे करत. मेहकर आणि लोणारकडच्या बंजारा तांड्यांत लांब पायांचे, निमुळत्या तोंडाचे, धावरे कुत्रे असत. दख्खनच्या शिकारी कुत्र्यांत बंजारा कुत्र्याचे नाव त्यामुळेच घेतले जाते. फासेपारध्यांसारख्या शिकारीवर जगणाऱ्या जमातींचाही या मुलखात वावर होता. शेतकऱ्याच्या वावरात रोही आणि रानडुकरे हुसकण्यासाठी कुत्रा लागे. गावातले कुत्रे बहुधा एका घराचे नसत, आळीचे असत.

या सगळ्या कुत्र्यांचे अन्न थोड्याफार फरकाने एकच होते. मालकाचा कुत्रा सकाळ-संध्याकाळ भाकरीचा चतकोर खाई. घरात दुभते असेल तर त्यावर ताक पडे. कण्या किंवा आंबील उरली तर तीही त्याच्या वाट्याला येई. धनगराच्या कुत्र्याला मेंढीचे दूध आणि मेलेल्या जनावराचे मांस मिळे. गावकुत्रा उंदीर, घुशी, उष्ट्या पत्रावळी आणि गावाबाहेर टाकलेली मेलेली ढोरे यांवर पोट भरी. धर्मानेही कुत्र्याचा घास राखून ठेवला होता. पितृपंधरवड्यात गाय आणि कावळ्याबरोबर श्वानबळी काढला जातो, दत्ताच्या चित्रात चार कुत्री असतात, आणि खंडोबाच्या परिवारात घोड्याबरोबर कुत्रा असतो. कुत्र्याला घास टाकणे हे पुण्याचे काम मानले जाई. त्या घासात काय असावे, याचा विचार करण्याची वेळ मात्र कोणावर आली नव्हती.

भाकरीत काय होते

ज्वारीच्या दाण्यात पिठूळ पदार्थ भरपूर आणि प्रथिने बेताची असतात. लोह आणि ब गटातली काही जीवनसत्त्वेही असतात. क जीवनसत्त्व वाळलेल्या धान्यात नसल्यातच जमा असते. ते ताज्या फळांत, पालेभाजीत आणि हिरव्या मिरचीत असते, आणि बराच वेळ शिजवले की त्याचा मोठा भाग नष्ट होतो.

वऱ्हाडातल्या माणसाची ही उणीव भाकरीबरोबरच्या तोंडीलावण्याने भरून निघे. हिरव्या मिरचीचा ठेचा, अंबाडी, तांदुळजा आणि चिवळ यांच्या भाज्या, कैरी, लिंबू, हिवाळ्यात बोरे आणि आवळे असा हा पुरवठा होता. कुत्र्याच्या वाट्याला यातले काही येत नसे. ठेचा त्याला कोणी देत नाही, बोरे तो सहसा खात नाही, आणि पालेभाजीचा उरलेला घास कधीमधी मिळे. मांस मिळाले तरी त्यात या जीवनसत्त्वाचा अंश अल्पच, आणि यकृतासारखा अवयव ताजा मिळाला तर थोडा जास्त. म्हणजे जे अन्न महिनोन्महिने खाल्ले तर माणसाच्या हिरड्या सुजतील, दात हलतील आणि जुन्या जखमा उघडतील, त्याच अन्नावर कुत्रा पिढ्यान्‌पिढ्या धडधाकट राहिला.

माणसाचा रोग

स्कर्व्हीचा इतिहास जहाजे, तुरुंग, वेढे आणि दुष्काळ यांचा आहे. ताज्या अन्नाचा पुरवठा तुटला की हा रोग येई. १७४७ मध्ये ब्रिटिश आरमाराचा डॉक्टर जेम्स लिंड याने ‘सॅलिसबरी’ या जहाजावरच्या बारा आजारी खलाशांच्या सहा जोड्या केल्या आणि प्रत्येक जोडीला वेगळा उपाय दिला. संत्री आणि लिंबे मिळालेली जोडी झपाट्याने बरी झाली. भारतात एकोणिसाव्या शतकातल्या तुरुंगांत स्कर्व्ही ओळखीचा होता आणि कैद्यांच्या आहारात आंबट पदार्थ घालण्याचे उपाय होत.

पहिल्या महायुद्धात हा रोग भारतीय सैनिकांच्या वाट्याला मोठ्या प्रमाणात आला. १९१५-१६ च्या हिवाळ्यात मेसोपोटेमियातल्या कुत-अल-अमाराच्या वेढ्यात पीठ आणि डाळ यांवर राहिलेल्या भारतीय तुकड्यांत स्कर्व्ही पसरला. त्यानंतर लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये हॅरिएट चिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीय शिधासामग्रीतले वाळलेले आंबट पदार्थ तपासले. त्यांत चिंच, कोकम आणि आमचूर होते. मराठी स्वयंपाकघरातल्या या वस्तूंची स्कर्व्हीविरोधी ताकद प्रयोगाने मोजली गेली ती अशी. ताज्या लिंबाच्या रसापुढे ती कमी ठरली.

चिक यांनी हे प्रयोग गिनीपिगवर केले. त्या निवडीमागे नॉर्वेच्या ॲक्सेल होल्स्ट आणि थिओडोर फ्रॉलिक यांचा १९०७ चा शोध होता. नुसते धान्य आणि पाव खाणाऱ्या गिनीपिगला स्कर्व्ही होतो, हे त्यांनी दाखवले. प्रयोगशाळेत हा रोग घडवता येणारा पहिला प्राणी अशा रीतीने सापडला. हा प्रयोग कुत्र्यावर केला असता तर काहीच निष्पन्न झाले नसते. वऱ्हाडातला प्रत्येक राखणीचा कुत्रा तेच धान्य खात होता आणि त्याला काही होत नव्हते.

प्रयोगशाळेतला कुत्रा

आहारशास्त्राच्या इतर शाखांत मात्र कुत्र्याचे स्थान मोठे आहे. १८१६ मध्ये फ्रान्सच्या फ्रान्स्वा माजांदी याने कुत्र्यांना फक्त साखर आणि पाणी देऊन पाहिले. ते महिनाभरात खंगून मेले. प्राण्याला नुसत्या पिठूळ-गोड अन्नावर जगता येत नाही, हे त्यातून दिसले. इंग्लंडमध्ये एडवर्ड मेलनबी याने पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस घरात कोंडलेल्या, ओटच्या लापशीवर वाढवलेल्या कुत्र्याच्या पिल्लांत मुडदूस घडवला आणि कॉड माशाच्या यकृताच्या तेलाने तो टाळता येतो, असे दाखवले. यातून पुढे ड जीवनसत्त्व ओळखले गेले.

तिसरे उदाहरण बुलढाण्याच्या भाकरीजवळचे आहे. अमेरिकेत मक्यावर जगणाऱ्या गरिबांत पेलाग्रा हा रोग पसरला होता. त्यात त्वचा काळवंडते, जुलाब लागतात आणि बुद्धी भ्रमते. तशाच आहारावर ठेवलेल्या कुत्र्यांची जीभ काळी पडते. जोसेफ गोल्डबर्गर याने या ‘काळ्या जिभे’चा उपयोग पेलाग्राच्या अभ्यासासाठी केला. १९३७ मध्ये कॉनराड एल्व्हेहेम याने निकोटिनिक आम्ल, म्हणजे नायासिन, देऊन कुत्र्याची काळी जीभ बरी केली आणि पेलाग्राचे कोडे सुटले.

दख्खनच्या पठारावर ज्वारी खाणाऱ्या मजुरांतही पेलाग्रा आढळत होता. सी. गोपालन आणि एस. जी. श्रीकांतिया यांनी १९६० मध्ये त्याचा संबंध ज्वारीतल्या ल्युसिन या अमिनो आम्लाशी जोडला. १९६५ मध्ये भवानी बेलवाडी आणि गोपालन यांनी ज्वारीचा आहार देऊन कुत्र्यांत काळी जीभ घडवून दाखवली. गोपालन यांची संशोधनशाळा कुन्नूरहून १९५८ मध्ये हैदराबादला आली होती. पुढे तिचे नाव राष्ट्रीय पोषण संस्था झाले. ल्युसिनच्या उपपत्तीवर नंतर वाद झाले, तरी नुसत्या ज्वारीवर ठेवलेल्या कुत्र्यात कसली उणीव येऊ शकते, हे या प्रयोगांनी दाखवले. धोका ब गटातल्या नायासिनच्या उणिवेचा होता. क जीवनसत्त्वाचा प्रश्न त्यात कुठेही आला नाही.

भाकरीवर वाढणाऱ्या पिल्लाला आणखी दोन उणिवा भेडसावतात, चांगल्या प्रथिनांची आणि कॅल्शियमची. ताक, दूध, हाडे आणि उंदीर मिळणारा कुत्रा त्यांतून सुटे. दारात बांधून नुसत्या पोळीवर वाढवलेल्या पिल्लाचे पाय वाकत. कुत्र्याच्या आहारात काय घालावे, याचे खरे प्रश्न हे होते.

यकृतात काय घडते

क जीवनसत्त्वाचा रासायनिक शोध १९२८ ते १९३३ या काळात लागला. हंगेरीच्या अल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी याने १९२८ मध्ये एक आम्ल वेगळे केले. तेच स्कर्व्ही थांबवणारे जीवनसत्त्व आहे, हे १९३२ मध्ये निश्चित झाले. अमेरिकेत चार्ल्स किंग हाही त्याच वेळी त्याच निष्कर्षाला पोचला होता. अधिक माल हवा होता तेव्हा सेंट-ग्यॉर्गीला तो सेगेद गावच्या लाल मिरचीतून मिळाला. इंग्लंडच्या नॉर्मन हॉवर्थने रेणूची रचना उलगडली आणि १९३३ मध्ये तादेउश राइखश्टाइनने ग्लुकोजपासून ते बनवण्याची पद्धत काढली. १९३४ पासून रोश कंपनीने ‘रेडॉक्सन’ या नावाने ते विकायला सुरुवात केली. १९३७ चे वैद्यकाचे नोबेल सेंट-ग्यॉर्गीला आणि रसायनाच्या नोबेलचा अर्धा वाटा हॉवर्थला मिळाला.

काही प्राण्यांना हे जीवनसत्त्व अन्नातून का लागत नाही, या प्रश्नावर कलकत्त्यात बिरेशचंद्र गुहा आणि त्यांचे शिष्य काम करत होते. प्राणी ग्लुकोजपासून काही पायऱ्यांनी ॲस्कॉर्बिक आम्ल तयार करतात. शेवटची पायरी गुलोनोलॅक्टोन ऑक्सिडेज या विकरामुळे घडते. माणूस, माकड आणि गिनीपिग यांत हीच पायरी तुटलेली आहे, असे अमेरिकेत जे. जे. बर्न्स याने १९५७ मध्ये दाखवले. पुढच्याच वर्षी आर. एन. रॉय आणि गुहा यांनी निरनिराळ्या प्राण्यांची तुलना प्रसिद्ध केली. लालबुड्या बुलबुल आणि फळे खाणारे वटवाघूळ यांनाही हे जीवनसत्त्व बनवता येत नाही, असे त्यांना आढळले. कलकत्त्याच्या आय. बी. चटर्जी यांनी हा धागा पुढे नेला. १९७३ च्या त्यांच्या लेखाने उत्क्रांतीचे चित्र मांडले. बेडूक आणि सरपटणाऱ्या प्राण्यांत हे काम मूत्रपिंड करते. सस्तन प्राण्यांत ते यकृताकडे आले आणि माणसासारख्या थोड्या प्राण्यांनी ही शक्ती गमावली.

बुलढाण्याच्या एखाद्या वावरात या वाटणीतले दोन्ही पक्ष एकत्र दिसतात. बांधावरच्या बोरीवरचा बुलबुल, चिंचेला लटकलेले वटवाघूळ आणि खाली काम करणारा शेतकरी फळ-भाजीवर अवलंबून आहेत. बैल, शेळी, मेंढी आणि कुत्रा आपापल्या यकृतात ते जीवनसत्त्व तयार करतात. कुत्र्याच्या यकृताची ही गती शेळीपेक्षा किंवा उंदरापेक्षा कमी असल्याचे आढळले आहे. पुढे पूरकांचे समर्थन करणाऱ्यांनी याच आकड्यांचा आधार घेतला. पण कमी गती म्हणजे अपुरी गती नव्हे. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने २००६ मध्ये कुत्र्या-मांजरांच्या पोषक गरजांची मोठी यादी प्रसिद्ध केली. निरोगी कुत्र्याला क जीवनसत्त्व आहारातून द्यावे लागते, असे त्या यादीत कुठेही म्हटलेले नाही.

आवळा आणि गोळी

माणसासाठी या जीवनसत्त्वाचा देशी साठा आवळ्यात आहे, हे भारतीय प्रयोगशाळांनी १९३० आणि १९४० च्या दशकांत आकड्यांनी सिद्ध केले. १९३६ मध्ये दामोदरन आणि नायर यांनी आवळ्यातला टॅनिनसारखा घटक क जीवनसत्त्वाला टिकवून धरतो, असे दाखवले. १९३९-४० मध्ये हिस्सारच्या दुष्काळात स्कर्व्ही झालेल्या लोकांना आवळा देण्यात आला, आणि दुसऱ्या महायुद्धात सैन्यासाठी आवळ्याच्या गोळ्या बनल्या. हैदराबादच्या संस्थेच्या जुन्या तक्त्यांत १०० ग्रॅम आवळ्यात ६०० आणि पेरूत २१२ मिलिग्रॅम क जीवनसत्त्व दिले आहे. नव्या पद्धतीने मोजलेला आवळ्याचा आकडा याहून बराच कमी आहे, तरी तो नेहमीच्या फळांत वरचढच राहतो. सातपुड्याच्या उतारावर आणि बुलढाण्याच्या डोंगरी जंगलात आवळा रानात उगवतो. मुरंबा, लोणचे, सुपारी आणि च्यवनप्राश या रूपांत तो घरोघर पोचलेला आहे.

स्वातंत्र्यानंतर कारखान्यात बनलेले ॲस्कॉर्बिक आम्ल स्वस्त झाले. चघळायच्या पाचशे मिलिग्रॅमच्या संत्र्याच्या चवीच्या गोळ्या, उदाहरणार्थ लिम्सी, तालुक्याच्या गावीही सर्दी-खोकल्याबरोबर घेतल्या जाऊ लागल्या. १९७० मध्ये दोन नोबेलांचे मानकरी लायनस पॉलिंग यांचे सर्दी आणि क जीवनसत्त्वावरचे पुस्तक आले आणि मोठ्या मात्रेची कल्पना जगभर गेली. सर्दी टाळण्याचा त्यांचा दावा पुढच्या चाचण्यांत टिकला नाही, पण गोळीची प्रतिष्ठा टिकली. २०२० मध्ये करोनाच्या साथीत तिची मागणी पुन्हा उसळली आणि घराघरांत पाकिटे साठली.

गोळी कुत्र्यापर्यंत कशी पोचली

बुलढाणा जिल्ह्यातली पशुवैद्यकीय सेवा शेतीच्या जनावरांसाठी उभी राहिली. मुंबईचे पशुवैद्यक महाविद्यालय १८८६ मध्ये सुरू झाले, नागपूरचे १९५८ मध्ये. १९६२ मध्ये जिल्हा परिषदा आल्यावर ग्रामीण दवाखान्यांची साखळी वाढली. बुळकांडी, फऱ्या, घटसर्प यांच्या लसी, बैलांचे खच्चीकरण आणि पुढे कृत्रिम रेतन ही त्यांची कामे होती. कुत्रा या दवाखान्यात आला तो बहुधा पिसाळण्याच्या भीतीने. रेबीजची लस माणसासाठी १८८५ मध्ये पाश्चरने दिली होती आणि भारतात कसौली (१९००) व कुन्नूर (१९०७) इथे तिच्या संस्था निघाल्या. जिल्ह्यात कुत्र्याचे नाव निघे ते या रोगासंदर्भात.

विलायती कुत्रे इंग्रजी अमदानीत अधिकाऱ्यांबरोबर आले. गोचिडांमुळे होणारा ताप आणि डिस्टेंपर त्यांचे मोठे शत्रू होते. भारतीय कुत्र्यांतला गोचीडतापाचा एक जंतू पॅटनने १९१० मध्ये मद्रासच्या शिकारी कुत्र्यांत ओळखला. १९८० नंतर शहरी घरांत पामेरियन, मग अल्सेशियन आणि लॅब्रेडॉर आले. त्यांच्याबरोबर कोरडे अन्न, कॅल्शियमचे सरबत, केसांसाठी तेल आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या आल्या. खामगाव, मलकापूर, शेगाव आणि बुलढाणा यांसारख्या गावांत औषधाच्या दुकानांतून आणि पशुखाद्याच्या दुकानांतून हा माल मिळू लागला. पुढे तो घरपोचही येऊ लागला.

क जीवनसत्त्वाला कुत्र्याच्या औषधांत स्थान देण्याची मुख्य कल्पना अमेरिकेतून आली. मोठ्या जातींच्या वाढत्या पिल्लांत लांब हाडांच्या टोकांशी सूज, ताप आणि वेदना आणणारा एक रोग असतो. त्याची क्ष-किरण चित्रे बालकांतल्या स्कर्व्हीसारखी दिसत, म्हणून त्यावर बरीच वर्षे क जीवनसत्त्व दिले गेले. १९७९ मध्ये टीअर आणि सहकाऱ्यांनी हा संबंध खोडून काढला. १९७६ मध्ये कॅलिफोर्नियाच्या वेंडेल बेलफील्ड या पशुवैद्याने अल्सेशियनांतला खुब्याच्या सांध्याचा विकार म्हणजे छुपा स्कर्व्ही असल्याचे म्हटले. गाभण कुत्रीला आणि पिल्लांना मोठ्या मात्रा दिल्या तर हा विकार टळतो, असा त्यांचा दावा होता. त्यांच्याकडची पिल्ले थोडी होती आणि तुलनेचा गट नव्हता. हा विकार मुख्यतः आनुवंशिक आहे आणि पिल्लाच्या अतिवाढीने व लठ्ठपणाने बळावतो, असे नंतरच्या अभ्यासांनी दाखवले. तरी बेलफील्ड यांची कल्पना कुत्रापालकांच्या पुस्तकांतून आणि पूरकांच्या जाहिरातींतून पुढे चालत राहिली.

धावण्याच्या कुत्र्यांवरचा एक प्रयोग दख्खनच्या धावऱ्या कुत्र्यांच्या मालकांनी जाणून घेण्यासारखा आहे. फ्लोरिडात शर्यतीच्या ग्रेहाउंडांना रोज एक ग्रॅम क जीवनसत्त्व दिले तेव्हा त्यांचा वेग वाढण्याऐवजी किंचित कमी झाला. हा निष्कर्ष २००२ मध्ये प्रसिद्ध झाला.

निवड करताना

निरोगी, संतुलित अन्न खाणाऱ्या कुत्र्याला क जीवनसत्त्वाचे पूरक लागत नाही. तयार कोरड्या अन्नात ते काही वेळा असते, पण बहुधा चरबी खवट होऊ नये म्हणून घातलेले. तिथे आणखी गोळी देऊन काही साधत नाही. पोळी-भाकरीवर वाढणाऱ्या कुत्र्यात आधी प्रथिने, चरबी, कॅल्शियम आणि ब जीवनसत्त्वे भरून काढावी लागतात. अंडी, दही, शिजवलेले मांस किंवा यकृत यांचा उपयोग इथे गोळीपेक्षा अधिक होतो.

पशुवैद्य काही प्रसंगी हे जीवनसत्त्व औषध म्हणून देतात. घरातले पॅरासिटामॉल चुकून दिले गेले तर रक्त प्राणवायू वाहून नेईनासे होते. त्या विषबाधेत मुख्य उतारा एन-ॲसिटिलसिस्टीन असतो आणि क जीवनसत्त्व त्याच्या जोडीला दिले जाते. यकृताच्या गंभीर आजारात, जिथे ते बनण्याची जागाच दुबळी होते, तिथेही त्याचा विचार होतो. या दोन्ही ठिकाणी मात्रा वजनावर आणि रोगावर ठरते, म्हणून ती दवाखान्यात ठरावी लागते.

पूरक द्यायचेच ठरले तर प्रकार पाहावा लागतो. शुद्ध ॲस्कॉर्बिक आम्ल आंबट असते आणि काही कुत्र्यांच्या पोटाला सोसत नाही. सोडियम ॲस्कॉर्बेट आणि कॅल्शियम ॲस्कॉर्बेट ही त्याची आम्लता कमी केलेली रूपे आहेत. पण हृदय किंवा मूत्रपिंड दुबळे असेल तर सोडियम, आणि मुतखड्याची प्रवृत्ती असेल तर कॅल्शियम विचारात घ्यावे लागते. मात्रा जास्त झाली की पहिली खूण जुलाबाची असते. शरीरात क जीवनसत्त्वाचा काही भाग ऑक्सॅलेटमध्ये बदलतो. त्यामुळे कॅल्शियम ऑक्सॅलेटचे खडे झालेल्या किंवा होण्याचा संभव असलेल्या कुत्र्यांना, विशेषतः शिह त्झू किंवा ल्हासा ॲप्सोसारख्या जातींना, ते न देणे शहाणपणाचे ठरते. हे जीवनसत्त्व अन्नातल्या लोहाचे शोषणही वाढवते, हे लोहाची औषधे चालू असताना ध्यानात ठेवावे लागते.

माणसाची गोळी कुत्र्याला देताना तिच्यातले इतर घटक वाचणे मूळ जीवनसत्त्वापेक्षा महत्त्वाचे आहे. बिनसाखरेच्या चघळायच्या गोळ्यांत किंवा फसफसणाऱ्या गोळ्यांत झायलिटॉल हा गोड पदार्थ असू शकतो. तो कुत्र्यात रक्तातली साखर धोकादायक पातळीवर खाली आणतो आणि यकृत निकामी करू शकतो. क जीवनसत्त्वासोबत ड जीवनसत्त्व आणि जस्त घातलेल्या गोळ्या करोनाकाळात प्रचारात आल्या. ड जीवनसत्त्व आणि जस्त यांची जास्त मात्रा कुत्र्याला विषारी ठरते. एका पाकिटातल्या अनेक गोळ्या कुत्र्याने फस्त केल्याच्या प्रसंगात धोका बहुधा या जोडघटकांचा असतो.

आवळ्याबद्दलही काळजी घ्यावी लागते. कडक बीसकट फळ दिले तर बी घशात किंवा आतड्यात अडकू शकते. मुरंबा आणि च्यवनप्राश यांत साखर भरपूर असते, लोणच्यात मीठ आणि मसाला असतो. फळ द्यायचे तर बी काढलेला ताजा आवळा किंवा बिया काढलेला पेरू, आणि तोही थोडाच. द्राक्षे आणि बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडाला घातक असल्याने त्या यादीतून वगळावे लागतात. कांदा आणि लसूण हेही कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी मोडतात, त्यामुळे ठेच्याचा आणि रश्श्याचा घास त्याला न देण्याची जुनी सवय याही कारणाने योग्य ठरते.

शेवटचा मुद्दा साठवणुकीचा आहे. क जीवनसत्त्व उष्णता, ओल आणि प्रकाश यांनी लवकर नासते. पायनघाटातल्या उन्हाळ्यात तापमान ४० अंशांच्या वर जाते आणि पावसाळ्यात हवा दमट होते. पत्र्याच्या खोलीत उघड्या डबीत ठेवलेली गोळी तपकिरी होऊ लागली की तिच्यातले जीवनसत्त्व ऑक्सिडीकरणाने घटत आहे, असे समजावे. पाकिटावरची मुदत बंद पाकिटासाठी असते. डबी उघडल्यावर ती घट्ट झाकून, कोरड्या आणि अंधाऱ्या जागी ठेवावी लागते, आणि कुत्र्याचे तोंड पोचणार नाही अशा उंचीवर.